घाटाखालचे रविवार

१० नोव्हेंबर, रविवार

दोनदा आंघोळ झाली तरी कानामागे वाळू आहे. पोटऱ्या ठणकतात. गाडी चालवून उजवा खांदा भरून आलाय. मजा आली! हे फक्त इथेच लिहिते. बाकी कुणाला सांगायची गरज नाही.

आरे-वारेला जाऊन आलो. निमित्त मुलींचं. माझ्याकडे वरच्या खोल्यांत दोघी राहतात — मेसेरेत इथिओपियाची, सृजना नेपाळची. दोघी कोल्हापूरच्या विद्यापीठात शिकतात. परवा जेवताना बोलता बोलता कळलं, दोघींनी समुद्र पाहिलेला नाही. कुठून पाहतील? दोघींच्याही देशाला किनारा नाही. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नकाशे तोंडपाठ, आणि या मुली रोज माझ्यासमोर जेवायला बसतात तरी हे डोक्यात आलं नाही! ताटावरच जाहीर केलं — रविवारी पहाटे पाचला गाडी निघेल, जिला उशीर होईल ती मागे राहील.

दोघी वेळेच्या आधी अंगणात. तिसरीही! आक्का — माझी थोरली नणंद, उचगावची. दूध घालायला आली तेव्हा सहलीचं तिच्या कानावर पडलं होतं. बोलावलं कुणी नव्हतं. म्हशी सुनेवर सोपवून, पिशव्या पायाशी घेऊन, पुढच्या सीटवर बसूनही झाली होती.

आंबा घाटात सृजनाला ओकाऱ्या. हिमालयातली पोर आणि आंबा घाट सोसेना! आक्काने तिच्या तोंडात आवळासुपारी कोंबली आणि घाट संपेपर्यंत तिला ऐकवत राहिली, की तू जन्माला आलीस ते डोंगर काय सपाट होते काय.

मग टेकडीवरून रस्ता वळला आणि समुद्र एकदम समोर आला. मेसेरेत म्हणाली, थांबा. गाडी कडेला घेतली. खाली उतरल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढण्यावर तिची पीएचडी आहे, सवयच ती. तोंड वाकडं केलं आणि हसत सुटली. मग सृजनानेही चाखलं. मग आक्कानेही! आणि आपल्या आमटीला सून इतकंच मीठ घालते म्हणाली.

मी चपला घालून वाळूवर उभी. सारखी दोघींची डोकी मोजत होते. दोन. दोन. दोन. शाळेच्या सहली तीस वर्षं याच किनाऱ्यांवर नेल्या आणि दर वेळी हेच केलं — मुली मोजल्या. समुद्र बघितलाच नाही म्हणायचा.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाचा, राजूचा, पुण्याहून फोन. सहलीचं सांगितलं नाही. उगाच घाटाच्या नावाने काळजी करत बसेल.

त्याला शब्द दिला आहे. मेसेरेतचा प्रबंध पुरा झाला, तिची तोंडी परीक्षा झाली, ती विमानात बसली, की मी घर बंद करून पुण्याला. कायमची. हे गेल्यापासून तो मागे लागला होता. एकटी राहू नकोस, पडलीस तर कळणार कुणाला. मे महिना ठरला. सृजनाचं एक वर्ष उरतं, तिला वसतिगृह बघायला सांगितलंय. आक्काला अजून सांगायचं आहे.

शब्द दिला की मी पाळते. वर्गातही, घरातही.

८ डिसेंबर, रविवार

फोंडा घाटाने कुणकेश्वरला. हवा छान, रस्ता मोकळा.

मेसेरेतचा उपास चालू आहे. त्यांच्या नाताळापर्यंत दूध नाही, अंडी नाहीत, मांस तर नाहीच. असे आठवडेच्या आठवडे! आक्का गार. तिला आजवर वाटायचं, उपास आपल्याच लोकांना जमतात. एकादशीला साबुदाण्याची परात संपवणाऱ्या आपल्या सुनेचं नाव घेऊन तिने मेसेरेतच्या पाठीवरून हात फिरवला. मग पिशवी उघडली. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, झुणका. आणि वेगळ्या डब्यात आमच्यासाठी सुकं मटण! समोर मासे फडफडताहेत आणि आम्ही कोल्हापूरहून मटण घेऊन आलोय. सगळं कोल्हापूर हेच करतं. मी हसले, पण खाल्लं.

जेवणावर मेसेरेतची कॉफी. तिने हिरव्या बिया आणल्या होत्या. छोट्या शेगडीवर, माझ्या जुन्या तव्यात भाजल्या. धूर निघाला तो आधी प्रत्येकीच्या नाकापुढे फिरवायचा, हा त्यांचा रिवाज. मग कुटायच्या, उकळायच्या. आणि एक कप पिऊन उठायचं नाही — तीनदा प्यायची. पाहुणा मध्येच उठला तर अपमान! आक्काने पहिला कप तोंडात घेतला आणि पोरीनं काहीतरी जाळलंय म्हणाली. तिसरा मागून घेतला.

मेसेरेतला आता सरळ मराठी येत नाही. माझ्याकडून शिकलेलं सगळं गेलं. आक्काचं आलं. मी विचारलं, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण झालं का? ‘न्हाय की,’ म्हणाली.

घोट्यापर्यंत पाण्यात गेले. चपला काढून.

१२ जानेवारी, रविवार

लिहायची लाज वाटते. पण इथे नाही तर कुठे.

आक्काला प्रवासाला अमावस्या चालत नाही. म्हणून मुद्दाम पौर्णिमेचा आदला दिवस धरला. तिच्या मते उत्तम दिवस. मीही मान हलवली.

किनाऱ्याचं नाव लिहीत नाही. तिथे पुन्हा जायचं आहे! सकाळी पोचलो. ओली, घट्ट वाळू, अगदी डांबरी रस्त्यासारखी. तिच्यावर दुसऱ्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा होत्या. मीही गाडी खाली उतरवली. आक्काचे डोळे मिटत होते, पहाटे म्हशींच्या धारा काढून आली होती. ती मागच्या सीटवर आडवी झाली. काचा उघड्या ठेवल्या आणि आम्ही तिघी लांबच्या खडकांकडे शिंपले बघत गेलो.

बोलण्यात वेळ कसा गेला कळलं नाही. सृजनानेच वळून पाहिलं आणि माझा दंड धरला. गाडी पाण्यात! चारी चाकं पाण्यात, लाटा दाराला लागताहेत. आम्ही धावत सुटलो. मी — धावले! गुडघाभर पाण्यातून गाडीपाशी पोचले तोच खिडकीतून आक्काचं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप.

‘मास्तरीणबाई, गाडीत पाणी कुठनं आलं गं?’

तिला दोघींनी धरून उतरवलं. गाडी सुरू होईना. मेसेरेत ओरडत गावाकडे पळाली आणि दहा-पंधरा माणसं आणि एक ट्रॅक्टर घेऊन आली. कसं सांगितलं तिने कोण जाणे. दोर बांधणाऱ्याने मला एवढंच विचारलं, की घाटावरची ना? हो म्हटलं. त्याने मान हलवली, जसं काही त्यातच सगळं आलं. आक्का तोवर कोरड्या वाळूवर उभी राहून हातवारे करून सगळ्यांना हुकूम सोडत होती. ट्रॅक्टरवाल्यालाही. गाडी निघाली.

पौर्णिमा काय, अमावस्या काय — सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की भरती सगळ्यांत मोठी. उधाणाची भरती. हे तीन गोल मी एकतीस वर्षं खडूने फळ्यावर काढले. ज्या मुलीचे चुकले तिला उभी केली.

टेंपोवर गाडी चढवून, टेंपोवाल्याच्या शेजारी दाटीवाटीने बसून परत आलो. गगनबावड्याच्या अलीकडे कधीतरी सृजना हसली. मग मेसेरेत. मग आक्का इतकी हसली की टेंपोवाल्याने गाडी कडेला घेतली. मी बराच वेळ सोसलं. मग मलाही आवरेना.

१३ जानेवारी, सोमवार

कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलंय. कोल्हापूरभर फिरतंय. दोन जुन्या विद्यार्थिनींचे फोन. एकीने विचारलं, बाई, भरतीचा तो धडा तुम्हीच शिकवला होता ना?

संध्याकाळी राजू. त्यानेही पाहिलं. लहान मुलाला रागवावं तसा रागवला. मी ऐकून घेतलं. माझ्यावर ऐकून घ्यायची वेळ! गाडी विक म्हणाला. मेपर्यंत थांबू नकोस, याच महिन्यात ये म्हणाला. मी म्हटलं, ठरलं ते ठरलं. मेसेरेतची परीक्षा झाली की. आधी नाही, नंतरही नाही.

फोन ठेवला तर आक्का मागे उभी. दुधाची किटली हातात.

तिला आज सगळं सांगावं लागलं. ऐकलं तिने. दूध ओतलं, किटली विसळली, गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आक्का आली. तिळगूळ दिला, तोही मुलींना आधी. माझ्या हातावर ठेवताना नेहमीचं गोड बोलायचं ते बोललीच नाही. ‘जा की. ल्योक हाय तुझा,’ एवढंच म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार

ज्ञानूच्या गॅरेजमधून गाडी आली. त्याने खालून सगळी गोड्या पाण्याने धुतली, वायरी बदलल्या. सीटखाली अजून एक शिंपला होता, तो जपून पुडीत बांधून दिला. राजूला गाडी विकते म्हणाले नव्हते. विकणार नाही असंही म्हणाले नव्हते.

मेसेरेतने प्रबंध सादर केला. मुखपृष्ठ मला आधी दाखवायला आणलं. नाव नीट छापलंय का ते मीच पाहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजऱ्यावरून, आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ल्याला. आजऱ्यात काजू आणि घनसाळ तांदूळ घेतला. मेसेरेतला घरी न्यायचा आहे.

गाडी वाळूपासून लांब, एका दुकानाच्या आवारात लावली. तरी आक्का दर घटकेला उठून चाकं बघून येत होती आणि येताना मोठ्याने सांगत होती, की न्हाय, अजून हायत. किनाऱ्यावरच्या परक्या लोकांनाही तिने हकिगत सांगितली. दर वेळी पाणी वाढत गेलं. शेवटच्या खेपेला ते तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं.

सृजनाला घाटात काही झालं नाही. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.

गुडघ्यापर्यंत गेले. लाट आली की वाळू पायाखालून सरकते — पुस्तकात हे लिहिलेलं नसतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. राजू आलाय. गुढी त्यानेच उभारली, उंचीला बरी पडते. श्रीखंड-पुरी झाली. मग त्याने कपाटं उघडली. काय न्यायचं, काय द्यायचं, काय इथेच ठेवायचं. प्रत्येक वस्तू मला दाखवून विचारत होता. घाई नाही, चिडचिड नाही. वडिलांचा चष्मा हातात घेऊन बसला होता थोडा वेळ.

भांडायची तयारी करून बसले होते. भांडण करायला त्याने जागाच ठेवली नाही. म्हणाला, पूर्वेची खोली सूनबाईने, तेजस्वीने, माझ्यासाठी रिकामी केली आहे. खिडकीपाशी लिहायला टेबल. अकराव्या मजल्यावर वारा भरपूर. अवनी विचारते, आजी कधी.

‘आई, अवेळी फोन वाजला की मला धडकी भरते,’ म्हणाला. ‘मी तुला तिथे बांधून ठेवायला नाही नेत.’

हो म्हटलं. नाही कशी म्हणणार? माझा मुलगा वाईट असता तर सोपं होतं.

२० एप्रिल, रविवार

शेवटची सहल. या वेळी दिवस मी पंचांग आणि भरतीचं कोष्टक दोन्ही समोर ठेवून काढला. वद्य अष्टमीच्या आसपासची, भांगाची भरती, अगदी मवाळ. आक्का म्हणाली, भित्री झालीस.

योग असा, की आज मेसेरेतचा ईस्टर. दोन महिन्यांचा उपास आज सुटला. पहाटे तिने मोबाईलवर घरच्यांची प्रार्थना ऐकली, पांढरी शाल अंगावर घेऊन. आक्काने तिच्यासाठी कोंबडं शिजवून आणलं होतं. मागच्या आठवड्यापासून ते कुठलं कापायचं यावर घरी वाद चालला होता म्हणे. कुणकेश्वरच्या वाळूवर मेसेरेतने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तिखटाने की आनंदाने, विचारलं नाही. दोन्ही असेल. दुसरा घास तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. त्यांच्याकडे असंच असतं — ज्याच्यावर माया, त्याला हाताने भरवायचं. मला कुणी भरवलं त्याला किती वर्षं झाली!

मग पाण्यात गेले. पुरती. सृजनाची ढगळ पँट आणि माझा जुना कुडता. चष्मा आक्काच्या हाती. कमरेपर्यंत गेले, मोठी लाट आली आणि मी उताणी. नाकातोंडात पाणी! मुलींनी दोन्हीकडून धरलं. आक्का काठावरून विचारत होती, मास्तरीणबाई आहेत का गेल्या. मी पुन्हा आत गेले. पुन्हा पडले. कितीदा ते मोजलं नाही. आज काहीच मोजलं नाही.

ओल्या कपड्यांनी वाळूवर बसलो होतो. मेसेरेतने विचारलं, ‘मॅडम, पुन्यात समुद्र हाय?’

नाही म्हटलं. तिथून आहे, पण लांब.

ती म्हणाली, ‘मग तुमी बी आता आमच्यासारख्या.’



१५ मे, गुरुवार

डॉक्टर मेसेरेत! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बराच वेळ इंग्रजीत घोळवलं म्हणे. शेवटी एकाने सहज मराठीत विचारलं, कोल्हापूर आवडलं का. ‘व्हय की, लई,’ म्हणाली आणि सगळा विभाग हसला. हे तिच्या मार्गदर्शकांनी मला फोन करून सांगितलं.

आक्काने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, जणू तिचीच नात.

२१ मे, बुधवार

बॅगा भरल्या. माझ्या दोन, मेसेरेतच्या तीन. मुंबईला तिला मीच सोडणार. राजू भाड्याची गाडी करतो म्हणत होता. म्हटलं, माझी गाडी तशीही पुण्याला यायची आहे. तिला विमानतळावर उतरवीन, वाशीला मावसबहिणीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी पुणे. पटलं त्याला.

सृजनाची परीक्षा महिनाअखेर संपते. तोवर आक्का तिच्या सोबतीला इथे राहील, मग ती वसतिगृहात आणि किल्ली आक्काकडे. सगळं नीट लागलं. सगळं नीट लागलं की मला बरं वाटतं एरवी.

दोन दिवस दूध सून घालते आहे. आक्काचे गुडघे दुखतात म्हणे. किनाऱ्यावर ट्रॅक्टरवाल्याला हुकूम सोडताना दुखत नव्हते!

२४ मे, शनिवार. वाशी

गेली.

वाटेत खूप बोलली. विमानतळावर मी तिला तिकीट, पासपोर्ट, प्रबंधाची प्रत, सगळं दोनदा बघायला लावलं. तांदूळ कुठल्या बॅगेत, तेही विचारलं. मग विचारायला काही उरलं नाही. मी मिठ्या मारत नाही. मारली.

दारातून आत जाताना वळून ओरडली, की मॅडम, समुद्र बघून ठेवा, मी येईपर्यंत. आजूबाजूचे लोक बघायला लागले. बघू देत.

मावसबहीण म्हणते, नशीबवान आहेस, मुलगा बोलावतोय. खरंच आहे. उद्या सकाळी पुणे.

२५ मे, रविवार

चांदणी चौकात डावीकडे वळायचं होतं. इंडिकेटरही दिला होता. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला. मी सरळ निघाले. कात्रजच्या बोगद्यात शिरले तेव्हा कळलं — आपण घरी चाललो आहोत.

शिरवळला गाडी उभी करून राजूला फोन केला. म्हटलं, राजू, मी शब्द मोडते आहे. पहिल्यांदाच. रागव हवं तर.

तो म्हणाला, ‘खंबाटकीत हळू चालव.’